मधला आकडा

हन्नाला स्वस्थ बसवत नाही, हा तिचा जुना रोग. यंत्र सुरळीत चाललंय ना, मग चालू द्यावं की. पण नाही. ही ते उघडणार, पुसणार, आणखी काय सुधारता येईल ते बघणार. विसरवाडीपासून आत, डोंगरालगतच्या गावात तिचं अंडी उबवायचं यंत्र आहे. पाड्यांवरच्या बायका गावठी कोंबड्यांची अंडी आणून देतात, ती पिल्लं काढून देते.

यंदा मानमोडीच्या साथीने कोंबड्यांची वाट लावली. शेजारच्या रंजनाच्या खुराड्यात तर एकही जीव उरला नाही. उरली ती फक्त काळ्या कोंबडीची शेवटची अंडी. सासूच्या काळापासून जपलेलं वाण ते. अंडी होती, पण बसायला कोंबडीच नव्हती. भुशाच्या टोपलीत घालून रंजनाने ती आणली आणि म्हणाली, "ताई, एवढंच बी राहिलंय माझं." हन्नाने ती अकरा अंडी मधल्या ट्रेमध्ये ठेवली; बाकीचे ट्रे यंदा रिकामेच होते.

यंत्राची ऊब सांभाळणाऱ्या डबीत एक प्रोग्राम असतो. तो फुकटचा. देशोदेशीची माणसं मिळून तो लिहितात, सगळ्यांसाठी उघडा ठेवतात आणि काही बदललं की नवा आकडा लावून सोडतात. उबवण अर्ध्यावर आली असताना, एका रविवारी चर्चमधून येऊन हन्नाने लॅपटॉप उघडला, तर 2.5.0 आलेलं. वीज गेली की फोनवर निरोप मिळेल, असं त्यात होतं. इकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. शिवाय मधला आकडा पाचाचा, विषम. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची ती नऊ नाहीतर अकरा, दहा कधीच नाही, हे तिला आईने शिकवलेलं. रोज बायबल वाचणारी बाई, पण अंड्यांच्या बाबतीत आईचा शब्द शेवटचा. घातलं तिने ते डबीत. वर इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्या वाचायचा कंटाळा केला. नडला तो कंटाळाच.

जेवण उरकून ती यंत्रापाशी आली. पडद्यावर साडेसदतीस, अगदी हवं तेवढंच. तरी सवयीने तिने ऊब बघायला एक अंडं उचलून मिटल्या डोळ्याला लावलं. पापणी चटका बसल्यासारखी मागे झाली. आत टांगलेला काचेचा थर्मामीटर एकोणचाळीसच्या वर गेला होता. तिने वायर उपटली, दार उघडलं. दार उघडं ठेवावं तर अंडी गारठणार, यंत्र लावावं तर शिजणार.

विसरवाडीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दिनेशने हे यंत्र जुळवून दिलं होतं. तिने त्याला फोन लावला.

"कितवं घातलं, ताई?"

"दोन पॉइंट पाच."

"अहो, या प्रोग्रामवाल्यांच्यात मधला आकडा विषम म्हणजे कच्चं काम. चालवून चुका शोधा म्हणून सोडलेलं. वापरायचं ते सम. दोन पॉइंट चारमधलं सगळ्यात नवं घाला, जुन्यांत..." आणि त्याचा फोन बंद पडला. परत लावला, लागेना.

हन्नाने 2.4 ची यादी उघडली. सगळ्यात खाली 2.4.9. शेवटचं म्हणजे नवं, म्हणून बोट तिथे गेलं आणि थबकलं, कारण बरंच वर, 2.4.1 च्या खाली, 2.4.10 दिसत होतं. शाळेत शिकलेल्या दशांशात तर नऊच मोठे. इकडे थर्मामीटर उतरत चाललेला. एकदा चुकलेली बाई, आता हात उचलेना. मग तिचं लक्ष टिंबांकडे गेलं. दोन टिंबं. दशांशाला दोन टिंबं कुठे असतात? हे तर आश्रमशाळेतल्यासारखं झालं, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. हजेरीत नवव्यानंतर दहावा. तिने 2.4.10 घातलं, वायर लावली आणि काचेवरचा पारा बघत उभी राहिली. तो चढला, साडेसदतीसला आला आणि थांबला.

मग तिने स्वतः जाऊन रंजनाला बोलावून आणलं. काय केलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दोघींनी आतली खोली अंधारी केली आणि बॅटरीवर एकेक अंडं धरलं. पहिल्यात नुसती काळी सावली, हालचाल नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात लाल शिरांच्या जाळ्यात काहीतरी लाथ मारल्यासारखं हललं. हन्नाला रडू आवरेना. अकरांतले सात जीव जिवंत निघाले.

मेलेली चार अंडी रंजनाने पदरात घेतली. वाण वाचलं होतं, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"ताई, हे पाचवालं आणखी कुणी घातलं असेल?"

"असेल. कुठे कुठे असेल."

"मग त्यांना कोण सांगणार?"

हन्नाने डोळे पुसले आणि लॅपटॉप ओढला. चुका कळवायची जागा तिथेच होती. इंग्रजी जुळवत बसायला वेळ नव्हता. तिने मराठीतच लिहिलं: "2.5.0 घालू नका. पडद्यावर ठीक दिसतं, आत अंडी शिजतात. माझ्या शेजारणीची शिजली."