काकूंचं मधाचं माप

"आसवात मध किती घालायचा?" असं विचारलं, की शेजारच्या काकू चिडायच्या. "मध का मापानं टाकत असतेत काय वं?" मी पुण्याची, मला प्रत्येक गोष्टीचं शेरापावशेरात उत्तर हवं असे. नवऱ्याच्या नोकरीपायी अमरावतीला येऊन पडले होते. पहिल्या बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळले, तेव्हा काकूंच्या, मध माठात आंबवून केलेल्या आसवानंच मला उभं केलं. सकाळ-संध्याकाळ दोन पळ्या आसव, आणि वर ओरडा: "जेव ना वं! कावून चिमणीसारखी टोचून राहिली?"

काकूंचं म्हणणं असं, की मेळघाटातून येणारा मध दर साली वेगळा. कधी पाणचट, कधी घट्ट. मग माप धरायचं कशाचं? त्यांची कसोटी होती कोंबडीचं अंडं. कोमट पाण्यात मध ढवळत जायचा, आणि अंडं तरंगून त्याचा चिंचोक्याएवढा माथा वर दिसला, की थांबायचं. पंचाईत एवढीच, की काकू माळकरी. अंडं माठाच्या जवळही येता कामा नये. म्हणून वाडगाभर मधपाणी घेऊन त्या पलीकडच्या रसूलबीच्या ओट्यावर जात. रसूलबी ते आपल्या भांड्यात ओतून घेई, अंडं सोडी, आणि काकू तोंड फिरवून विचारत, "दिसलं काय वं?" "अभी नई, काकू," म्हटलं की घरी येऊन आणखी मध. अशा पाच-सहा फेऱ्या व्हायच्या. उरलेलं मधपाणी रसूलबीची बकरी प्यायची. तिच्याइतकी माजलेली बकरी साऱ्या आळीत दुसरी नव्हती.

एका साली अंडं शिळं निघालं. शिळं अंडं साध्या पाण्यातही वर येतं. मध कमी पडला आणि अख्ख्या माठाचा शिरका झाला. रसूलबी रडायला लागली, तर काकू म्हणाल्या, "तू कावून रडतं? म्या सोता पाह्याले पाह्यजे होतं. तोंड म्या फिरवलं ना." पुढच्या साली त्या अंड्याकडे टक लावून उभ्या होत्या.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या लढाईमुळं तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. काकूंचा मुलगा अकोल्याला कापसाचा दलाल झाला, त्यानं माडी बांधली आणि आईला न्यायला बैलांची दमणी जुंपून आला. "माय, माठ इथंच ठेव. गोरे सायेब घरी येतेत. दलालाची माय दारू गाळते म्हणतीन." काकू भांडल्या नाहीत. त्यांनी माठ माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या गेल्या आणि मला दुसऱ्यांदा माहेर सुटल्यासारखं झालं. माझी मुलगी रडली, की मी नकळत भिंतीपलीकडे हाक मारायला तोंड उघडी. अकोल्याहून येणारे सांगत, काकू दिवसभर झोपाळ्यावर बसून असतात, त्यांना कुणी कामाला हात लावू देत नाही.

पुढच्या थंडीत मी एकटीनं आसव घातलं. ते उत्तम साधलं. तरीही मी अकोल्याला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर निरोप धाडला, "आसव बिघडलं. आळीत दोन बाळंतिणी आहेत. काकूंना पाठवा." बाळंतिणी तेवढ्या खऱ्या होत्या.

मुलगा स्वतः त्यांना घेऊन आला. काकू तडक माठापाशी गेल्या, झाकण काढून वाकल्या. त्यांच्या नाकाला फसवणं कुणाला जमणार? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "पार बिघडलं रे. चार दिवस तरी लागतीन. तू जाय."

चार दिवस त्यांनी माठात काहीएक केलं नाही. बाळंतिणींना आसव पाजलं, पोरांना न्हाऊ घातलं, रसूलबीच्या ओट्यावर बसून पोटभर हसल्या. पाचव्या दिवशी दमणीत चढताना कानाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "पुढच्या साली बी बिघडवजो वं, पोरी."

पुढच्या साली मी निरोप धाडला. गाडीवान एकटाच परतला. काकू पोळ्यानंतर वारल्या होत्या; मला कळवावं असं कुणाला सुचलंही नव्हतं. त्या संध्याकाळी मी आळीतल्या बाळंतिणीला आसव नेऊन दिलं. आसव छानच झालं होतं. पण आता ते खरोखर बिघडलं, तर मी कुणाला बोलावणार होते?