मी ख्रिस्ती आहे, असं मी म्हणालो

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही, आणि देवाला सांगितलं असेल तर तेही आडून आडून. ख्रिस्ती असल्याचं अमेरिकेत मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो ते एका गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या, दुकानात. स्वतःची कातडी वाचवायला.

आम्ही मूळचे नगरचे. पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती, घरात रोज संध्याकाळी प्रार्थना, रविवारी शब्बाथ शाळा. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो आणि हे सगळं मागे पडलं. भांडण झालं नाही, शंकाही आल्या नाहीत, नुसता कंटाळा. अमेरिकेत शॉमबर्गला नोकरी लागली तेव्हा तिथल्या मराठी मंडळात आडनावावरून कोणाला काही कळलं नाही. त्यांनी आपलाच समजून गणपतीच्या साउंड सिस्टिमची जबाबदारी दिली. मी घेतली. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

आमच्या अपार्टमेंटजवळ एक गॅस स्टेशन होतं. ते चालवणारा म्हातारा लाहोरकडचा, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही. थर्मासमध्ये वेलचीचा चहा असायचा, तो फक्त ओळखीच्यांना. मी रोजचा. बायको माहेरी गेली की म्हणायचा, ‘आज काय जेवलास? चिप्स? लाज वाटते का रे?’ आणि काउंटरखालून स्वतःच्या डब्यातला पराठा काढायचा.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच आठवड्यात ऑफिसमधून येताना मी दूध घ्यायला तिथे थांबलो. दुधाचा कॅन काउंटरवर ठेवतोय तोच दोघे गोरे आत आले. एकाच्या कॅपवर झेंडा. त्यांनी चाचाला विचारलं, कुठला तू? चाचा म्हणाला, शॉमबर्ग. त्याने मस्करी केली असावी, किंवा नसेलही. तो खरंच शॉमबर्गचा होता. मग कॅपवाला माझ्याकडे वळला. ‘आणि हा कोण, तुझा भाऊ?’

मी म्हणालो, ‘नाही. मी ख्रिश्चन आहे. मी या माणसाला ओळखत नाही.’

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘गॉड ब्लेस यू, ब्रदर.’ आणि मी थँक यू म्हणालो! थँक यू! दूध तिथेच टाकून बाहेर आलो. गाडीतून काचेपलीकडे दिसत होतं: एकाने हाताने शेल्फ झाडून टाकलं, बरण्या खाली फुटल्या, चाचाने दोन्ही हात वर केले. माझ्या खिशात फोन होता. मी गाडी सुरू केली.

घरी बायको म्हणाली, ‘दूध?’

‘दुकान बंद होतं.’

लोक भीतीपोटी देवाला नाकारतात, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी भीतीपोटी त्याला कबूल केलं. यातलं कोणतं जास्त घाण आहे ते मला कळतं.

त्या रविवारी मी चर्चला गेलो. ऑफिसमधल्या मॅनेजरने बोलावलं होतं. पार्किंगला जागा नाही इतकी गर्दी, उपदेशाच्या पुलपिटशेजारी हा एवढा झेंडा. शेजारचा डोळे पुसत म्हणाला, देश देवाकडे परतला. त्या शरद ऋतूत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं! परतला म्हणे. कोणत्या देवाकडे? बरण्या फोडणाऱ्यांपैकी कोणी त्या बाकांवर बसलं असेल का, हे शोधायची मला गरज नव्हती, कारण मी बसलो होतो. मला आत घेतलं, हात मिळवले, मॅनेजर सगळ्यांना सांगत होता, हा भारतातला आहे आणि बिलीव्हर आहे बरं का. मी किती सुरक्षित होतो. गाडीच्या काचेवर झेंड्याचा स्टिकर, मागच्या बंपरवर ख्रिस्ती असल्याची खूण म्हणून मासा. दर महिन्याला प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाच्या भाकरीचं, तबक आलं की तुकडा उचलायचो आणि खायचो.

इराकची लढाई सुरू झाली तेव्हा पाळकांनी आमच्या विमानांसाठी प्रार्थना केली. आमेनच्या जागी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आज त्या आठवल्या की हात कापून टाकावेसे वाटतात. आणि वर्षभरात बाक पुन्हा रिकामे झाले. देश देवाकडे आला होता तो घाबरून, भीती ओसरली तसा घरी गेला. मी मात्र जात राहिलो. मला वाटे, हीच माझी श्रद्धा. सवय होती ती.

लढाईच्या पुढच्या उन्हाळ्यात आई आली. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये माझ्या कानाशी लागली.

‘हा झेंडा देवाचा का?’

‘अमेरिकेचा, आई.’

‘मग इथे कशाला? देवाला पण ग्रीन कार्ड दिलं का यांनी?’

मी हसू दाबलं. ती हसत नव्हती. ‘आपल्याकडे आलेल्या मिशनऱ्यांनी दवाखाना आणला, शाळा आणली, पियानो आणला. झेंडा नाही आणला बाबा.’ तिने ऐकलेला इतिहास एवढाच सरळ होता, पण त्या दिवशी मला तो पुरला.

नगरला आमच्याकडे एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, कोणाशी वाकडं आहे का? असेल तर आधी जाऊन मिटवायचं. नाही मिटवलं तर तबक पुढे जाऊ द्यायचं, सगळ्यांसमोर. शनिवारी स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता तिने सवयीने विचारलं.

‘नाही गं,’ मी म्हणालो.

‘बघ बरं. तुमच्याकडे माणसं कमी, त्यामुळे भांडणंही कमी, काय?’ मग जरा थांबून, ‘ते कोपऱ्यावरचं सोडून पेट्रोलला इतक्या लांब का जातोस रे?’

‘तिथे महाग आहे.’

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मेथीची जुडी उलटी केली. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून तिने भाकर घेतली, आणि मीही घेतली.

आई दोन हजार सातच्या हिवाळ्यात गेली. माती देऊन आल्यावर नगरच्या घरात मामी भेटली. तिचं आणि आईचं नळाच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं जमत नव्हतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. मामी डोळे पुसत म्हणाली, ‘दर वेळी शनिवारी दारात यायची. आत यायची नाही. चूक तुझीच आहे पण मी आलेय, असं म्हणायची आणि निघून जायची. मला इतका राग यायचा!’

‘मग?’

‘मग काय. मला पण तबक घ्यायचं असायचं ना. मी पण जायची तिच्या दारात.’

मी तिथे रडलो. सगळ्यांना वाटलं, आईसाठी. मला स्वतःची चीड आली होती. दोन हट्टी बायका चिडत, एकमेकींना दोष देत का होईना, दारापर्यंत चालत गेल्या होत्या. माझं दार पाच मिनिटांवर होतं आणि मी दुसरीकडे पेट्रोल भरत होतो.

परत आल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला मी तबक पुढे दिलं. गाडीत बायकोने विचारलं, ‘बरं नाही का?’ मी म्हणालो, ‘बरं नाही.’ ते खरं होतं, पण सगळं नव्हतं.

मग एका शनिवारी गॅस स्टेशनवर गेलो. काउंटरला अनोळखी तरुण, गुजराती. त्याला विचारलं, चाचा कुठे? ‘कौन चाचा? अच्छा, वो पुराने ओनर. बेच दिया अंकल, कब का. टेक्सास गये बोलते हैं, भतीजे के पास. नाम क्या उनका? फोन करके देखता हूँ किसी को.’

रोज त्याचा चहा प्यायलो, त्याचा पराठा खाल्ला, आणि नाव कधी विचारलं नव्हतं. तरुण वाट पाहत होता. मागे रांग लागली.

त्याच्याबद्दल मी अजून विचारत असतो. मशिदीत जाऊन आलो, तिथे लोक सौजन्याने वागले आणि संशयानेही, दोन्ही बरोबरच होतं. प्रार्थना पुन्हा करायला लागलोय. या वेळी कोणाला दाखवायला म्हणून नाही. भाकर घेत नाही.

मला त्या माणसाची माफी मागायची आहे, त्याच्यासमोर उभं राहून. ती मी अजून मागितलेली नाही.