आंधळी चाल आणि रोहूचं मुंडकं

"भाऊजी, पत्ते उचला ना! हे तीनपत्ती नोहे, पोकर होय!"

माझा साळा बोंबलून राहिला होता. पुण्याच्या कंपनीतून दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी गावी आला तो पोकर शिकूनच. सकाळपासून अख्ख्या घराला शिकवत होता: दोन पत्ते ज्याचे त्याच्या हाती, पाच सतरंजीवर सगळ्यांचे, आणि डावावर पैशांऐवजी लाखोळीच्या डाळीचे दाणे. जिंकेल त्याला रोहूचं मुंडकं, असं सासऱ्यांनी जाहीर केलेलं.

रोहू काही साधा नव्हता. तो बाहेर काढला तेव्हा तलावाचं पाणी हातभर उतरलं. त्या घरी मुंडकं मानाच्या जावयाच्या ताटात पडतं, आणि मान थोरल्याचा, म्हणजे राइस मिलवाल्या माझ्या साडूचा. मला शेपूट. बायको तेव्हा भिंतीकडे पाहत बसायची.

शेवटी साडू आणि मी, दोघेच उरलो. मी पत्त्यांना बोटही न लावता दाण्यांचा ढीग पुढे लोटला. "ब्लाइंड!"

अंगणातल्या कोंबड्या चूप झाल्या. आमच्या तीनपत्तीत न पाहता खेळणाऱ्याचा दरारा भारी. पत्ते पाहिलेल्याला त्याच्या दुप्पट लावावं लागतं. साडूने स्वतःचे दाणे पाहिले, मग माझ्या मिशा पाहिल्या.

"दुप्पट कुठून आणू बाप्पा?"

"मोठे भाऊजी, पोकरमधी दुप्पट नाही लागत!" साळ्याचा घसा बसत आला होता.

"तुझा नियम पुण्यात. इथं ब्लाइंड म्हंजे ब्लाइंड." साडूने बादशहांची जोडी आपटली. "पॅक! सोडला डाव!"

मग मी माझे पत्ते उलटवले. दुर्री आणि सत्ती, रंगही वेगळा. याहून भिकार हात पोकरमध्ये नसतो म्हणे. साळ्याने कपाळ बडवलं. मी म्हटलं, पत्ते लागतात ते शिकाऊ लोकांना!

ही बातमी दिवस मावळायच्या आत पार चिचगड गावापर्यंत पोहोचली, तीही एसटीच्या आधी. सासूबाईंनी मुंडकं वाढलं तर ते ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होतं. बायको त्या दिवशी भिंतीकडे नाही, थेट आपल्या थोरल्या बहिणीकडे पाहत होती.

मिशीवर ताव देत मी सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, कसा खेळलो?"

त्यांनी मान वर न करता भात कालवला.

"पत्ते नाही पाहिले तं चालते. काटे पाहून खाजा."