सोनालीची बाही

डिंडोलीच्या पल्लवीने सोनालीला एक्स-रेचं काम हाताला धरून शिकवलं होतं. दोघी एकाच गल्लीतल्या, दोघींचे वडील लूमवर कापड विणणारे. गोडादऱ्याच्या एक्स-रे सेंटरवर सोनालीला चिकटवलं तेही पल्लवीनेच. पाठ धरलेल्या माणसाला टेबलावर कसं घ्यायचं, कंबरेखाली चादरीची घडी कुठे सरकवायची, घाबरलेल्या बाईला बोलत बोलत कुशीवर कसं वळवायचं, काही हातचं राखलं नव्हतं.

त्या दिवशी कविता नावाची बाई गर्भनलिकांच्या तपासणीला आली होती. मूल होत नव्हतं. गर्भाशयात नळीने औषध सोडून फोटो काढायचे, म्हणून सगळं निर्जंतुक लागतं. पल्लवीने ट्रे मांडला आणि कविताला नीट झोपवायला वळली. तेवढ्यात सोनाली ट्रेवरून वाकली. तिची बाही नळीला घासलेली पल्लवीने पाहिली.

"सर, थांबा. बाही लागली. दुसरा सेट उघडते," ती डॉक्टरांना म्हणाली.

बाहेर पेशंट खोळंबले होते. "चालशे," असं गुजरातीत म्हणून तिचं बोलणं उडवून लावत डॉक्टरांनी तीच नळी उचलली.

दोन-तीन दिवसांत कविता तापाने फणफणून, पोट धरून परत आली. सोबत सासू, प्रमिलाबाई. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "ट्रे पल्लवीने मांडला होता."

पल्लवीने सोनालीकडे पाहिलं. "तू होतीस ना तिथे. सांग काय झालं ते."

सोनाली खालमानेनेच म्हणाली, "ट्रेपाशी ताईच होत्या. मी मशीनकडे होते."

प्रमिलाबाई पल्लवीला नाही नाही ते बोलल्या. उद्यापासून येऊ नकोस, असं तिला त्याच संध्याकाळी सांगण्यात आलं. घरी आईने विचारलं, "तुनं काय चुकनं, बेटा?"

तरी पल्लवी दवाखान्यात दाखल असलेल्या कविताला भेटायला गेली. खरं काय ते तिला तरी कळावं, एवढंच मनात होतं. कविताने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही थांबा म्हणालात, ते मी ऐकलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण मुलासाठीचा पुढचा इलाज याच डॉक्टरांकडे आहे. सासूबाईंना मी काय सांगू?"

पल्लवीने तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघाली.

कविता बरी झाली. पल्लवी आता कामरेजच्या लहानशा दवाखान्यात मोडलेल्या हाडांचे फोटो काढते. गोडादऱ्याला तिच्या जागी सोनाली आहे. एकदा भाजी घेताना मागून हाक आली, "ताई." आवाज ओळखीचा होता. पल्लवी वांगी निवडत राहिली.