उशा घेऊन आलेले पाहुणे

आमच्या घरात हर्निया पुरुषांना होतो आणि त्रास बायकांना.

माझा हर्निया गोदामात बियाण्याची पोती उचलून झाला, असं मी सगळ्या नवीन जालन्यात सांगत असतो. (मी एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात बिलं करतो. गोदामात जातो तो फक्त सही घ्यायला.) खरं म्हणजे तो शिंकेनं झाला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या, मी शिंकत सुटलो आणि शेवटच्या शिंकेला जांघेत लिंबाएवढी गाठ उभी राहिली! डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?"

होता ना! माझ्या वडिलांना, आप्पांना. आप्पा तीर्थपुरीला राहतात. सत्तरी ओलांडली तरी थोडी शेती आणि चार मेंढ्या स्वतः सांभाळतात. त्यांचा हर्निया माझ्या लग्नाच्याही आधीचा. जुन्या धोतराची पट्टी जांघेवर करकचून बांधायची, गाठ बाहेर आली की बांधावर आडवं होऊन ती आत ढकलायची आणि पुन्हा मेंढ्यांमागं चालू लागायचं, हा त्यांचा उपचार. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "उसवलेलं पोतं कितीबी शिव, ते नव्यावानी व्हत न्हाई."

मी हे डॉक्टरांना सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले. "ती गाठ एखाद्या दिवशी आत जायची नाही. मग जिवावर बेतेल. त्यांना घेऊन या!" त्या वाक्यानं माझी झोप उडाली. आप्पांना सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, आत्याकडून निरोप पाठवून पाहिला. शेवटी मी एक योजना आखली. आधी आपण ऑपरेशन करून घ्यायचं, हसतखेळत घरी यायचं, आणि ते बघून आप्पांनी आपणहून तयार व्हायचं. योजना नामी होती. तिच्यात अडचण एकच होती, ती म्हणजे माझं ऑपरेशन.

मी घाबरट आहे हे मला मान्य आहे. (सुनंदाला जरा जास्तच मान्य आहे.) म्हणून मोबाईलवर धीर शोधत बसलो आणि मला एक ग्रुप सापडला, 'हर्निया परिवार, जालना जिल्हा'. ग्रुप चालवत होते अंबडचे निवृत्त शिक्षक पतंगे गुरुजी. ते रोज सकाळी गुलाबाचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' म्हणायचे आणि खाली लिहायचे, 'आज पोट साफ झालं का? सर्वांनी कळवावे.' सर्व जण कळवायचे! परतूरच्या कचरूभाऊंनी, म्हणजे टेम्पो चालवणाऱ्या एका आडव्यातिडव्या गड्यानं, ऐन दसऱ्याला आपल्या टाक्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आशीर्वाद असू द्या.' त्यावर भोकरदनच्या शबाना आपांचा आवाजी निरोप आला. आपांचं नाभीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, आणि धंदा शिवणकामाचा. "कचरूभाई, मी टाके बघितले. शिलाई एकदम सफाईदार आहे. बिलकुल फिकर करू नका!"

या ग्रुपचा एक धर्म होता. खोकला, शिंक किंवा हसू आलं की पोटाशी उशी दाबून धरायची. गुरुजी म्हणायचे, "उशी ही आपली ढाल आहे." मला विचाराल तर मी ऑपरेशनला तयार झालो तो या लोकांच्या प्रेमामुळं.

ऑपरेशनबद्दल फार सांगत नाही. नर्सनं बीपीचा पट्टा आवळला तेव्हाच मी "आई गं!" करून ओरडलो, आणि बाहेर बसलेल्या सुनंदाला वाटलं, पोट फाडलं. पाठीत इंजेक्शन दिल्यावर समोर दोन पाय दिसले तर मी विचारलं, "हे कुणाचे?" मग डॉक्टरांना हात जोडून म्हणालो, "साहेब, सुरू करताना तेवढं सांगा." ते म्हणाले, "झालं की. टाके घालतोय."

घरी आल्यावर मात्र मी ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. त्यात 'किरकोळ' हा शब्द बऱ्याचदा वापरला. शेवटी ऊर भरून आला आणि लिहून गेलो, 'तुम्ही धीर दिला म्हणून हे झालं. जालन्याला आलात तर हक्कानं घरी या. चहाच काय, मुक्कामालाच या!' वर घराचा नकाशाही पाठवला.

आता हे असं म्हणायचं असतं आणि समोरच्यानं "येऊ, येऊ" म्हणून यायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पण दुखण्यातून उठलेल्या माणसाला भेटून यायचंच, हाही आपलाच रिवाज. या दोन रिवाजांची टक्कर माझ्या घरात होईल याची मला कल्पना नव्हती.

पंधरवडा उलटला आणि रविवारी सकाळी आप्पा मला बघायला आले. गावच्या जीपनं आले, आणि पोराच्या अंगात ताकद यावी म्हणून ज्वारीचं एक भरलं पोतं घेऊन आले. जीपवाल्यानं ते बरोबर फाटकाच्या मधोमध उतरवलं आणि तो पुढच्या भाड्याला निघून गेला. आप्पांनी त्याला हात लावू नये म्हणून मी घाईघाईनं त्यांना घरात नेलं. माझी तब्येत दिसावी म्हणून त्यांच्यासमोर मुद्दाम चार फेऱ्या मारल्या.

"असा बाळंतिणीवानी का चालून राह्यला?" आप्पा म्हणाले.

मी खाली बसलो. तेवढ्यात बाहेर दोन रिक्षा थांबल्या आणि सुनंदा खिडकीतून बघून धावत आली. "अहो, सहा जण आलेत! सगळ्यांच्या काखेत उशा आहेत. मुक्कामाला आलेत का काय?"

मी पाहिलं तर सगळ्यात पुढं धोतर आणि गांधी टोपीतले गुरुजी, त्यांच्यामागं कचरूभाऊ, मग फुलाफुलांची उशी घेतलेल्या शबाना आपा, आणि आणखी तिघं. "तुम्ही बोलावलं, मंग आम्ही रविवार गाठला," कचरूभाऊ म्हणाले. "मुक्कामाचं म्हणलं व्हतं तुम्ही, पण आम्ही सांजच्याला जातो. तकलीफ नको." सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी इथं लिहू शकत नाही.

मी मात्र मनातून खूश झालो. मी एकटा आप्पांना पटवू शकत नव्हतो, आता सहा जण होते! गुरुजींना कोपऱ्यात घेऊन मी सगळं सांगितलं. गुरुजींनी छाती पुढं काढली, लगेच उशी दाबली आणि आप्पांसमोर उभे राहिले. "आजोबा, ऑपरेशन म्हणजे काही नसतं."

"तसं न्हाई गुरुजी," कचरूभाऊ म्हणाले. "पहिल्या दिवशी खाटंवरून उठायला मला चार माणसं लागलती."

"चार तर चार," दुसरा म्हणाला. "मला शिंक आल्ती. वाटलं, सगळा कारखाना बाहेर आला."

"मला तर ठसका लागला अन् देवच दिसला!" तिसऱ्यानं सांगितलं.

मग काय, चढाओढच लागली. मी डोळ्यांनी खुणावतोय, गुरुजी "विषयाला धरून बोला" म्हणतायत, पण आपलं दुखणं दुसऱ्यापेक्षा कमी होतं असं कबूल करणारा माणूस अजून जन्मायचाय. आप्पांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि कमरेची पट्टी आणखी आवळली.

"नामा," ते मला म्हणाले, "चांगली माणसं हायेत. बराबर समजावून राह्यले."

तेवढ्यात सुनंदा बाहेरून ओरडली, "पोतं! शेळीनं पोतं फाडलं!"

आम्ही सगळे धावलो. (म्हणजे एकेक जण हुश्श करत उठलो, उशा घेतल्या आणि रांगेनं बाहेर गेलो.) शेजारच्या शेळीनं पोत्याचा कोपरा फाडून जेवण सुरू केलं होतं. गल्लीतले झाडून सगळे बाप्ये एका लग्नाला बदनापूरला गेले होते. पोत्याभोवती सात माणसं उभी होती आणि त्यातल्या एकालाही पोतं उचलायची परवानगी नव्हती.

"मला डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे," गुरुजी म्हणाले.

"मला बी," कचरूभाऊ म्हणाले. आयुष्यभर टेम्पो भरलेला तो गडी शेळीकडं हताशपणे बघत होता.

"सरका," मागून आवाज आला. "तुमच्यात न कापलेला मी एकटाच दिसतो." आणि आप्पांनी बाह्या सरसावल्या!

"आप्पा, नको!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. पण आप्पा वाकले. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी पोत्यावर जाऊन बसलो. त्यामुळं आप्पा थांबले हे खरं, पण मला उठता येईना. म्हणजे आता पोतं आणि मी, असं दोन्ही उचलायची वेळ आली. शेळी माझ्या खालून निवांत खात होती.

"उचलायचं कशाला?" सुनंदा म्हणाली. "पोतं सोडा अन् डब्यांनी आत न्या!"

शबाना आपांनी पर्समधून कात्री काढली. दोघींनी मला बखोटीला धरून उभं केलं, आपांनी पोत्याची शिलाई सर्रकन उसवली आणि सुनंदानं घरातली होती नव्हती तेवढी भांडी आणून ठेवली. मग जे काही सुरू झालं ते आमच्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. काखेत उशी, हातात तांब्याभर ज्वारी, आणि पावलं अशी जपून टाकलेली की अंगणात जणू अंडी पसरलीत! गुरुजींच्या हातात दुधाची पातेली, कचरूभाऊंसारख्या पैलवानाच्या हातात चहाचा कप. "सांडू नका! श्वास सोडा! वाकू नका, गुडघ्यात बसा!" गुरुजी सूचना देत होते.

आप्पा पायरीवर बसून बघत होते. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे. आणि मग ते हसले. असे हसले की मी जन्मात त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचं बघून आम्ही हसलो. सातही जण जागच्या जागी थांबून पोटाशी उशा दाबून "आई गं, हसवू नका!" म्हणत होतो. फक्त आप्पांजवळ उशी नव्हती.

त्यांचं हसू एकदम थांबलं. हात जांघेवर गेला. चेहरा पांढरा पडला.

"आप्पा?"

"गाठ आत जाईना, नामा."

डॉक्टरांचं वाक्य कानात घुमू लागलं. पण मघापासून भांडणारी ती सहा माणसं एका क्षणात एक झाली. "जल्दी! आता घरी थांबायचं न्हाई," म्हणत आपा रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेल्या, कचरूभाऊंनी आप्पांचा हात धरला, गुरुजींनी स्वतःची उशी त्यांच्या पोटाशी दिली.

रिक्षात आप्पांनी माझा पंजा घट्ट धरला होता. ते अगदी हळू म्हणाले, "नामा, लई दुखतं का रे ते?"

म्हणजे इतकी वर्षं ते उसवलेलं पोतं-बितं काही नव्हतं. माझा बाप भीत होता, माझ्यासारखाच. 'किरकोळ' हा शब्द ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"दुखतं आप्पा. मी तर बीपीच्या पट्ट्यालाच बोंबललो. पण उठलो की! तुम्ही बी उठसाल. तुमच्याबिगर मला न्हाई जमायचं."

आप्पांनी रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मेंढ्यांना पाणी कोण दावंल?"

हा त्यांचा होकार होता. मी रिक्षातच रडलो आणि सुनंदानं माझ्या पोटाशी उशी दाबली.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. बाहेर सहा जण उशा घेऊन ओळीनं बसलेले पाहून नर्सनं विचारलं, "यातले भरती कोण होणारेत?" आप्पा शुद्धीवर असतानाच टाके पडले, आणि आतून एकदाही आवाज आला नाही. बीपीच्या पट्ट्यालाही नाही. मेंढ्यांना पाणी महिनाभर आत्याच्या पोरानं दाखवलं आणि आप्पा आमच्याकडंच राहिले. रोज संध्याकाळी मी आणि ते गल्लीत फिरायला जायचो, दोघंही बाळंतिणीसारखे.

आता आप्पाही 'हर्निया परिवारा'त आहेत. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून ते आवाज पाठवतात. त्यांचा एक निरोप तर गुरुजींनी ग्रुपवर सगळ्यात वर लावून ठेवलाय. कुणी नवा पेशंट घाबरून ग्रुपात आला की गुरुजी त्याला आधी तोच ऐकवतात, आणि म्हणे तो माणूस लगेच ऑपरेशनला तयार होतो. निरोप अगदी छोटा आहे.

"घाबरू नको बाबा, लई सोपं असतं. आमच्या नामाचं झालं, म्हंजे कुणाचंबी होतं!"