रविवारचे ठोके

तेबेइया पाण्यासाठी गुहेत उतरायची तेव्हा तोंडातून चकार शब्द काढायची नाही. बेटावर गोडं पाणी जमिनीच्या पोटातच, आणि तिथे फक्त बायकांनी जायचं. वाट इतकी अरुंद की सरपटत जावं लागे. आई वारल्यावर ही वाट तिच्याकडे आली होती.

वर सगळं कंपनीचं होतं. बेटाची माती खत म्हणून साता समुद्रापार जायची आणि ती विकणारी कंपनी एकच. जहाजं तिची, दुकान तिचं, दवाखानाही तिचाच. खोदकाम वर्षागणिक गुहेकडे सरकत होतं. यंत्र चाललं की खाली छतातून भुकटी गळायची. तेबेइयाला त्याची सवय झाली होती.

एका रविवारी यंत्रं बंद असताना ती खाली होती. तरी ठोके ऐकू आले. संथ, एकसारखे. वरून नव्हे, पाण्यापलीकडच्या अंधारातून. ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

सोमवारी सकाळी ती गोऱ्या मुकादमापुढे, पास्कोपुढे, उभी राहिली. "साहेब, इथे खोदू नका. खाली कोणीतरी खोदतंय."

"कोण?"

"आमच्यातलं नाही."

पास्को हसला. "बाई, अख्ख्या जगाला ठाऊक आहे, इथे कंपनीशिवाय कोणी खोदत नाही."

तेबेइयाने यंत्रासमोर चटई टाकली आणि बसली. यंत्र चालवणारा तिचा भाऊ काबुरे वैतागून खाली उतरला. "ताई, ऊठ. माझी नोकरी घालवशील."

ती हलेना, तेव्हा त्याने तिला दंडाला धरून ओढत नेलं. वीसेक पावलं गेले असतील, तोच मागे जमीन खचली आणि यंत्र आत गेलं. फारसा आवाजही झाला नाही.

खड्ड्यात चार महिने दगड ओतले. तो भरेना. मग कंपनीने खोदकाम बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

त्याआधी एका संध्याकाळी पास्को एकटाच तिच्या दारात आला.

"बाई, अजून ऐकू येतं का?"

"तुम्हाला येत नाही?"

तो पायांखालच्या जमिनीकडे बघत राहिला. पुढच्या जहाजाने निघून गेला.

गुहेची वाट त्या खचण्यात बुजली. तेबेइया कंपनीच्या टाकीतलं गंजकट पाणी प्यायला शिकली. प्रार्थनेला गुडघे टेकताना मात्र ती चटईची दुहेरी घडी घालायची, खालचे ठोके गुडघ्यांना जाणवू नयेत म्हणून.