राणीच्या बागेत बोललेलं

आधीच सांगतो, देवचार, भुतंखेतं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या तोंडवलीत असल्या गोष्टी पैशाला पासरी, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे तरी माडी पिऊन आलेले! तरी हा अनुभव लिहितोय, कारण तो माझा स्वतःचा आहे... आणि तो आला भर दुपारी.

साल अठ्ठावन्न असावं. मी मुंबईत एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि लालबागला आमच्या गाववाल्यांच्या खोलीत राहायचो. एक खोली, अठरा माणसं, ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे झोपणारी. गावी आई एकटी. तिला वाचता येत नसे. माझं पत्र शाळेचे मास्तर ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे आणि ऐकायला शेजारच्या चार बायका जमायच्या. त्यामुळे पत्रात मजकूर एकच – मी खुशाल आहे.

दिवाळीच्या सुमारास छापखाना बंद पडला. त्यात खोकला लागला, एकदा रुमालावर रक्त दिसलं. खोलीत बोललो असतो तर आठ दिवसांत गावभर झालं असतं आणि आईने अन्न सोडलं असतं. म्हणून रोज सकाळी कामाला चाललोय असं दाखवून डबा घेऊन निघायचो, तो थेट राणीच्या बागेत. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांच्या पलीकडे एक मोठी मोकळी हिरवळ होती. माळी पाणी मारून गेला की दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. इतकी शांत जागा मुंबईत मला दुसरी ठाऊक नव्हती, पण ती शांतता अंगावर यायची.

एका दुपारी मी चक्क मोठ्याने बोललो, "आये, माझा काम गेला गो." मग रोजच बोलायला लागलो. रक्ताचं सांगितलं, भीती वाटते म्हणून सांगितलं. हसाल तुम्ही... पण अठरा माणसांत राहून मला बोलायला कुणी नव्हतं. पोरासारखा रडायचो.

जानेवारीत ताप हटेना, तेव्हा कुणाला न कळवता बोटीने मालवण गाठलं. घरी पोचलो तर आई चुलीवर अडुळशाचा काढा उकळत होती.

"इलंस? पयलो ह्यो काढो पी," ती म्हणाली. "रगात थांबला?"

मी उंबऱ्यातच थिजलो. "तुका कोणी सांगल्यान?"

"तूच मां! गायीक घेवन सड्यार गेलंय काय दुपारचो तुझो आवाज येय. पयल्यांदा भियालंय. मधीच कसला तां जनावर आराडा, तां कसला रे?"

सडा म्हणजे आमच्या घरामागचा उघडा माळ. आणि जनावर म्हणजे बागेतला सिंह! आईने मुंबई कधी पाहिली नव्हती, सिंह तर नाहीच. खोलीतल्या एकेकाला मी पुढे खोदून विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं.

महिन्याभराने, सुया घेऊन खोकला उतरल्यावर, मी तिला सहज म्हटलं, "आये, तू पण माका साद घालूक व्हयी होतंस."

भांडी घासता घासता ती थांबली. "रोज घातलंय. जां काय मनात होता तां सगळा बोललंय तुझ्याकडे. तुका आयकाक येवक नाय?"

मला एकदाही काही ऐकू आलं नव्हतं. पण तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "येय गो. सगळा आयकाक येय."

"म्हणानच इलंस मां," असं म्हणून ती हसली आणि परत भांड्यांकडे वळली.

वारा, ताप, मनाचे खेळ... साठ वर्षांत मला कसलंच स्पष्टीकरण सापडलेलं नाही. आई त्यानंतर नऊ वर्षं होती. त्या सगळ्या दुपारी सड्यावर एकटी बसून ती काय काय बोलली, ते तिला विचारायची मला फार इच्छा होती. पण विचारणार कसं? मी तर सगळं ऐकलंय म्हणून सांगून बसलो होतो.